टणक फळी

नारळ एका दणक्यात फुटला म्हणून बलभीम खूश झाला. सरळ दोन भकलं झाली, पाणी चारी अंगाला उडालं. "भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!" तो आपल्याशीच म्हणाला आणि लेकीच्या, खाटेवर पालथ्या घातलेल्या फळीवरचं पाणी टावेलानं टिपायला लागला.

टिपता टिपता हात थांबला. मधोमध, दांडा बसवायच्या खाचेपाशी, केसाएवढी रेघ दिसत होती. नारळाची शेंडी चिकटली असेल म्हणून त्यानं नखानं खरवडली. निघेना. अंगठ्यानं दाबलं, तर रेघेतून पाणी वर आलं.

मेलो, बलभीम मनात म्हणाला.

दारात शेजारच्या रामकिसनची पिकअप चालूच होती. वाऱ्याचा पंख, फळीखाली बसवायचा दांडा, दांड्याच्या टोकाचं पातं, सगळं बांधून झालेलं. फळी तेवढी चढवायची होती. परवा समुद्रावर संघाची निवड. हातात पंख धरून फळीवर उभं राहायचं. वारा भरला की पात्यावर फळी पाण्यातून हातभर उचलते आणि पोरगी पाण्याला न शिवता सुसाट निघते. सीनेच्या धरणावर आषाढाचा वारा अंगावर घेत हर्षाली हे शिकली, तेही मैत्रिणीची फळी मागून आणून. वयाच्या अटीनं औंदाची संधी शेवटची, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

आणि फळी कुठली घ्यायची यावरून घरात केवढा वाद! तिला हवेची पाहिजे होती. पंपानं फुगवायची, काम झालं की गुंडाळून पिशवीत घालायची आणि येष्टीत मांडीवर घेऊन बसायचं. दगडावर आपटली तरी तिला काही होत नाही, असं ती कळवळून सांगत होती. पण बलभीमचा सगळा जन्म बाभळीच्या रानात पंक्चरं काढण्यात गेलेला. "हवेचा काय भरवसा? एक काटा घुसला की खेळ खलास. वस्तू कशी टणक पाहिजे." मडकं वाजवून घ्यावं तशी बोटानं वाजवून त्यानं ही घेतली. बापाचं मन मोडायचं नाही म्हणून पोरगी म्हणाली, "चालंल आबा. ही उचलती बी लवकर."

टणक होती म्हणूनच तर त्यानं तिच्यावर नारळ फोडला. ट्रॅक्टर आला तेव्हा लोखंडावर फोडलाच होता की! खंडेनवमीला नांगराच्या फाळावर फोडतोच की! ही वरून दगडासारखी आणि आत नुसता थर्माकोलसारखा फेस, हे त्याला कोण सांगणार? पोरीनं सांगितलं असतं. पण बापानं लेकीला विचारायचं म्हणजे केवढं कमीपणाचं!

त्यानं ताटातला चिमूटभर गुलाल घेतला आणि रेघेवर फासला. रेघ दिसेनाशी झाली.

एवढ्यात हर्षाली पाठीला पिशवी लावून बाहेर आली. गुलाल बघून तिचा चेहरा खुलला. "अगंबया, पूजा बी केली व्हय? आबा, हा गुलाल मी पुसायची न्हाय. पाण्यात उतरंस्तवर असाच राहू दे."

रामकिसननं फळीचं एक टोक उचललं, बलभीमनं दुसरं धरलं. दोघं पिकअपपर्यंत गेले.

"थांब रामकिसन," बलभीम म्हणाला. "खाली ठिव."

फळी परत खाटेवर आली. टावेलाच्या टोकानं त्यानंच गुलाल पुसला आणि तो बाजूला सरला. भकलं तिथंच पडली होती. सांगायचं काही उरलं नव्हतं.

हर्षाली वाकली. बोटाच्या पेरानं कडेपासून वाजवत आली. टक, टक, टक. रेघेपाशी आवाज बसला. तिनं परत वाजवून बघितलं.

"सांदता येत न्हाय का?" बलभीमनं विचारलं.

"येतं की. वाळवायचं, भरायचं, घासायचं. आठवडा जातो."

"वरनं पट्टी मारली तर?"

"दांडा हितंच बसतो, आबा. सगळा भार हितंच येतो."

"मग तुझ्या मैत्रिणीची..."

"ती बी परवा उतरणार हाय."

रामकिसननं जाऊन गाडी बंद केली. हर्षालीची आई दही-साखरेची वाटी घेऊन दारात आली होती. ती तशीच उभी राहिली.

"माझी अक्कल शेण खायला गेली," बलभीम म्हणाला. "म्या तुझं वाटुळं केलं, पोरी."

पाठीची पिशवी काढून हर्षालीनं खाटेच्या पायाशी ठेवली. मग एक भकल उचललं, उंबऱ्यावर आपटून खोबऱ्याचे तुकडे केले. एक रामकिसनला दिला, एक आईच्या वाटीत टाकला. परसाद ठेवून चालत नाही. शेवटचा घेऊन ती बापापुढं आली.

"हवेच्या फळीवर फुटलाच नसता, आबा," ती म्हणाली. "टप्पा खाऊन तुमच्याच कपाळाला लागला असता."

म्हणता म्हणता ती हसली, आणि हसता हसताच तिनं तोंड फिरवलं.

लागायला पाहिजे होता, बलभीमला वाटलं. त्यानं परसाद घेतला, कपाळाला लावला आणि हात तसाच कपाळाशी धरून उभा राहिला.