पुंगळीतलं तेल

भिकनने बोटावर वंगण घेतलं आणि उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी त्यात फिरवली. शेजारचा गोकुळ दारात येरझाऱ्या घालत होता.

"काका, किती चोळशी? पुंगळी शे ती, हळदीना नवरदेव नही!"

बोलला आणि पुन्हा दाराकडे वळला.

"कोरडी घाली तं साचामा फसी बसी," भिकन म्हणाला. "दम धर."

पोलिसांच्या शस्त्रागारात भिकनची तीस वर्षं गेली होती. घरी चोरून काडतुसं भरण्याचा नाद मात्र निवृत्तीनंतरचा. आज त्या नादाचीच त्याला भीती वाटत होती.

महिन्यापूर्वी गोकुळच्या बहिणीचं, ममताचं लग्न हळदीच्या दिवशीच मोडलं होतं. मोडलं ते नवरदेवानेच, नवनीतने. तो खांडबाऱ्याचा, भिकनच्या बायकोचा सख्खा भाचा. त्याला उडवायला रिव्हॉल्वर गोकुळकडे होतं, काडतुसं नव्हती. "तू नही देशी तं गुजरातमधून लई येसू," असं त्याने सकाळीच सांगितलं होतं.

नाही म्हणून भागणार नव्हतं. न फुटणारी दिलेली बरी.

सहाही पुंगळ्या मापात आणणाऱ्या साच्यातून काढून भिकनने बाहेरून लख्ख पुसल्या. मग गोकुळची पाठ वळताच प्रत्येकीच्या आत तेल सोडलं. बंदुकीची दारू भिजली की चाप ओढून बोट दुखेल, बाकी काही नाही.

बायकोला, जसोदाबाईला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. भाच्याचं नाव काढताच तिने छाती बडवली असती. गोकुळ नेम धरायला शिकतोय, एवढंच ती जाणून होती.

तरी एकदा समजावून पाहावं म्हणून तो गोकुळला मळ्यात घेऊन गेला.

"ममताले दुसरं स्थळ भेटी. तुले फाशी व्हयनी तं तिन्हाकडे कोन दखी?"

"काका, ती जेवत नही. तू भरी दे फक्त."

दोघे परतले. पुंगळ्या फळीवर उभ्याच होत्या. गोकुळ खांद्यावर वाकून बघत होता, म्हणून भिकनने आत डोकावणंही टाळलं. बुडाला ठिणगी देणाऱ्या टोप्या बसवल्या, दारू ओतली, वर शिसं दाबलं.

काडतुसं घेऊन गोकुळची मोटारसायकल खांडबाऱ्याच्या रस्त्याला लागली. भिकन खाटेवर टेकला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याने पाय लांब केले आणि चहा मागितला.

जसोदाबाई कप घेऊन आली. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"आज गोकुळपुढे तुमनी लाज राखी बरं का मी! तुम्ही मळामा गयात तव्हय दखं, पुंगळ्यास्मा तेल तसंच ऱ्हायेल व्हतं. काडीले फडकं गुंडाळीसन सहाच्या सहा आतून कोरड्याठणक करी ठेवल्यात."