ज्याला बोलता येत नाही

समोरच्या गोदामातला कुत्रा कायम आखूड साखळीला बांधलेला असायचा. त्याला धड आडवंही होता येत नसे. आईने आधी मालकाला विनवून पाहिलं, मग निवृत्तीच्या वयात कायद्याची पुस्तकं वाचून थेट कोर्टात तक्रार केली.

"काय हो आजी, कुत्र्याचं वकीलपत्र घेतलंत? फी काय, हाडकं?" कोर्टाच्या व्हरांड्यात मालकाने टोमणा मारला.

"चालतील की," आई म्हणाली. "दात अजून शाबूत आहेत माझे."

निकाल लागला तो आईच्या शेवटच्या आठवड्यात. ती अतिदक्षता विभागात होती आणि घशातल्या नळीमुळे तिला बोलता येत नव्हतं. तिच्या वकीलबाईंचा फोन ठेवला आणि मी धावतच तिच्या खाटेशी गेले.

"आई, जिंकलीस गं! साखळी काढली त्याची. आणि न्यायाधीशांनी तुझंच म्हणणं निकालात घेतलंय. ज्याला बोलता येत नाही, त्याची तक्रारच नाही असं कुणी समजू नये."

तिने डोळे उघडले. मी तिच्या चेहऱ्यावर आनंद शोधत राहिले.

"ऐकलंस ना?" मी विचारलं.



ती माझ्याकडे बघतच नव्हती. नळी उपसून काढू नये म्हणून खाटेच्या दांड्यांना बांधून ठेवलेल्या आपल्या मनगटांकडे ती बघत होती.