नावाचा रकाना

"तुझा बाप तुझं तोंडही न बघता निघून गेला. नावसुद्धा मलाच ठेवावं लागलं," असं आजींना वाढवणारी मावशी उठताबसता म्हणायची. सत्तर वर्षं आजींनी ते खरं मानलं.

आज नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने जन्माची जुनी वही त्यांच्यापुढे उघडली.

"आजी, मुलांची नावं मागाहून ठरतात, म्हणून नावाचा रकाना कोराच असतो. हे बघा, पानभर कोरा. तुमचं नाव मात्र जन्माच्या दिवशीच लिहिलंय. खबर देणारे तुमचे वडील. ही त्यांची सही."

आजींनी सहीवरून हलकेच बोट फिरवलं.

"बाळा, ते माझं नाव जरा मोठ्यानं वाच ना."

कारकुनाने वाचलं. खिडकीतल्या उन्हापलीकडून कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं, आणि आजी म्हणाल्या, "ओ, बाबा."