भाषणाचा कागद

नागरी हक्कांसाठी आयुष्यभर लढलेल्या नेत्याची कागदपत्रं डिजिटल संग्रहासाठी स्कॅन होत होती. त्यांची पत्नी रोज यायची आणि स्कॅन झालेले गठ्ठे मागून घेऊन चाळत बसायची. स्कॅन करणाऱ्या मुलीच्या मनात पाल चुकचुकली. नवऱ्याच्या नावाला बट्टा लावणारं काहीतरी काकूंना गायब करायचं असणार. तिने त्यांच्यावर नजर ठेवली.

आज काकूंनी एक कागद हळूच पिशवीत सरकवला, तसा तिने हात धरला. "काकू, काढा तो बाहेर."

काकूंनी निमूट काढून दिला. नेत्याचं सगळ्यात गाजलेलं भाषण होतं.

"हे तर लोकांना तोंडपाठ आहे. हे कशाला लपवताय?"

काकूंनी कागद उलटा केला. मागे रंगीत खडूने काढलेलं वाकडंतिकडं घर होतं.

"आमच्या लेकीने काढलंय. हे तुरुंगात होते तेव्हा ती तापाने गेली. चित्रांना वेगळा कागद कुठून आणणार, यांच्या भाषणांमागेच काढायची," काकू म्हणाल्या. "भाषण तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आलंय ना? मग कागद मी नेला तर चालेल का?"