ज्याचं त्याचं नेहमीचं

बर्फाचा दुसरा डबा सिंकच्या कडेला आपटताना सुचित्राने ठरवून टाकलं, आजची पार्टी शेवटची. पाहुणे रेवसची मुंबईला जाणारी संध्याकाळची लाँच गाठायला निघाले, की नवऱ्याला, देवव्रतला स्पष्ट सांगायचं. बाटल्या कपाटात, कपाटाला कुलूप, आता पुरे. सकाळपासून ती पायांवर उभी होती. लिंबं चिरून झाली, कोकमाचं आगळ गाळून झालं, शहाळ्यांचं पाणी काढून झालं. कोलंबीचा पहिला घाणा बाहेर गेला आणि रिकामी ताटली परतही आली. खाणाऱ्यांना काय, त्यांच्या मते ताटली आपोआप भरते.

बार म्हणजे नागावच्या त्यांच्या घराची पुढची पडवी. देवव्रत खत कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाला, हात रिकामे राहिले, म्हणून त्याने तिथे फणसाच्या फळीचं उंच काउंटर करून घेतलं. मागच्या फळ्यांवर जिन, रम, व्होडका ओळीने मांडल्या. मापाने ओतायचं, मापाने मिसळायचं, हे त्याला जुन्या नोकरीसारखंच वाटायचं. दर रविवारी दुपारी माणसं जमत. शेजारच्या वाडीत होमस्टे चालवणारा जीवन, अलिबागची वकील आश्लेषा, शिवाय सुट्टीला आलेले दोन-चार बंगलेवाले. हौस त्याची आणि कंबरडं मोडायचं हिचं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याच्या विसरण्याला एक लांबलचक नाव दिलं. हे वाढतच जाणार, असंही सांगितलं. तेव्हापासून त्याने स्वतः थेंबही घेतला नव्हता, पण पार्ट्या काही सुटल्या नाहीत. एरवी आंघोळ झाली की नाही हे न आठवणारा माणूस रविवारी काउंटरमागे उभा राहिला की खडखडीत. पुण्याहून सुजित, त्यांचा मुलगा, फोनवर एकच धोशा लावायचा, आई, बंद कर ते सगळं. तिलाही तेच हवं होतं. आठवडाभर नवऱ्याला सांभाळायचं आणि रविवारी त्याच्या पाहुण्यांना, हे आता तिच्याने खरंच होत नव्हतं.

जीवन ताटली भरून न्यायला स्वयंपाकघरात आला, तेव्हा तिने त्यालाच आधी सांगून पाहिलं. त्याने ते हसण्यावारी नेलं.

"वैनी, भाऊंना काय पन झालेलं न्हाय. मी तोंड उघडायच्या आधी माझा ग्लास तयार असतो. कडेला मीठ, आत चिरलेली मिरची. अजून काय पायजे?"

ते तिला लागलं. जीवनची मिरची देवव्रतच्या लक्षात राहत होती, आणि तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं. तिला त्याचा राग आला. आजारी माणसावर आपण रागावलो याची लाजही वाटली, पण राग काही गेला नाही.

पुढचा घाणा घेऊन ती पडवीच्या दारात आली. आश्लेषा काउंटरपाशी उभी होती. एरवी ती कोकम घातलेली जिन घ्यायची, बिनसाखरेची. आज संकष्टी म्हणून तिने नुसता सोडा मागितला. देवव्रत तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने अदबीने तिचं नाव विचारलं. आश्लेषाला ती चेष्टा वाटली. म्हणाली, सोडा आजच्यापुरता हो, पुढच्या वेळी आपली नेहमीची कोकम-जिन, साखर नको. तसा त्याचा चेहरा उजळला. तिला नावाने हाक मारून तो तिच्या कोर्टातल्या केसची चौकशी करू लागला. दमलाय, सुचित्राच्या मनात आलं. आपणही दमलोय. आज सांगायचंच.

ऊन कलायच्या आत पडवी रिकामी झाली. सुचित्राने पदराला हात पुसले आणि गुडघा सांभाळत काउंटरसमोरच्या उंच स्टुलावर बसली. इतक्या वर्षांत ती या बाजूला कधी बसली नव्हती. सुरुवातीला तो, लिंबू-सोडा तरी घे, म्हणून मागे लागायचा. घरची बाई बारवर बसलेली कुणी पाहिली तर गाव काय म्हणेल, म्हणून ती आत पळायची. पुढे त्याने विचारणं सोडलं.

ती बोलायला सुरुवात करणार, इतक्यात त्याने तिच्यापुढची जागा फडक्याने पुसली आणि एक स्वच्छ ग्लास ठेवला.

"पहिल्यांदाच आलात वाटतं," तो हसून म्हणाला. "काय घेणार?"

ही चेष्टा नव्हती. त्याची चेष्टा तिला चांगली ठाऊक होती. येणाऱ्या प्रत्येकाला त्याने ग्लासाशी बांधून ठेवलं होतं. मिरचीवाला जीवन, बिनसाखरेची आश्लेषा. सुचित्राचा मात्र ग्लासच नव्हता. अहो, मी तुमची बायको, असं ओरडावंसं वाटलं तिला. पण मग तो घाबरला असता, हल्ली सकाळी उठल्या उठल्या घाबरतो तसा. तिने फळीवरच्या बाटल्यांकडे पाहिलं. त्यांतल्या अर्ध्यांची नावंही तिला धड येत नव्हती. दुसरं कुणीच घेत नाही असं काहीतरी तिला मागायला हवं होतं.

"शहाळ्याचं पाणी," ती म्हणाली. "त्यात आलं किसून घाला. वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. दारू नको."

त्याने मापाने पाणी ओतलं, आलं किसलं, चिमटीने जिरं भुरभुरलं आणि ग्लास तिच्या हातात दिला. तिने घोट घेतला. चव काही बरी नव्हती. तिने ग्लास संपवला.

"पुढच्या रविवारीही येईन मी," ती म्हणाली. "ओळखाल ना?"

"म्हणजे काय," देवव्रत म्हणाला. "एकदा ग्लास हातात दिला की मी माणूस विसरत नाही."