मदुरैकडचं जेवण

"हितं नको," शैला पायरीवरूनच मागे फिरली. आत भिंतीवर डोशांचे मोठाले फोटो लावले होते. चीज डोसा, शेजवान डोसा. "ह्ये तर आपल्या पोरीपन खातात. मदुरैच्या घरात रोज ह्ये शिजत नसंल."

धर्माजीने टोपी काढून कपाळावरचा घाम पुसला. सकाळी घिवलीहून बोईसरला उतरल्यापासून ती एकेक हॉटेल नाकारत चालली होती.

"अगं, पोरीला नुसती चव दाखवायची ना? येवढं काय पारखायचं त्यात?"

"तिला जन्म काढायचाय त्या जेवनावर. पारखायला नको?"

पोरगी, म्हणजे त्यांची नात चारू, आजीचं बोट धरून रस्त्यावरचे ट्रक बघत उभी होती. येत्या रविवारी तिचा बाप सेल्वम तिला मदुरैला, त्याच्या आईकडे नेणार होता. तिची आई, त्यांची लेक वैष्णवी वारली तेव्हा चारू रांगत होती. तेव्हापासून ती आजी-आजोबांकडेच. सेल्वम इथल्या कारखान्यात होता तोवर दर सुट्टीला येऊन तिला खेळवून जायचा, तिच्याशी मोडकंतोडकं मराठी बोलायचा. आता त्याला गावाकडे नोकरी मिळाली होती. जावई माणूस चांगला होता. म्हणूनच त्याला नाही म्हणता आलं नव्हतं.

शेवटी एका रिक्षावाल्याने त्यांना एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर सोडलं. तमिळ कामगारांची मेस. वर पत्रा, बाहेर बोर्डसुद्धा नाही. शैला तडक आत शेगडीपाशी गेली आणि तिने टोपावरचं झाकण उघडायला लावलं. आत काळपट कालवण रटरटत होतं. चिंच, हिंग, तिळाचं तेल. मासळीचा वास कुठेच नव्हता.

"ये तुम लोग घर में खाते क्या?"

मेस चालवणाऱ्या बाईला सगळे अम्मा म्हणत होते. ती हसली. "घर में यहीच. होटल में नहीं मिलेगा."

"मग हितंच बसू," शैला म्हणाली. तिच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी जोर आला होता. धर्माजीने तिच्याकडे पाहिलं.

चारू बोंबलाच्या कालवणावर वाढलेली. नुसतं वरण वाढलं तरी ताट ढकलून द्यायची. सेल्वमच्या घरी तर मासळीला कुणी शिवतही नव्हतं. पोरगी तोंड वाकडं करील, थुंकेल, भोकाड पसरील. मग रविवारी जावयाला सांगायचं, तुमच्याकडचं तिच्या घशाखाली उतरत नाय. उपाशी राहील. जरा मोठी होऊ द्या. हे वाक्य शैलाने रात्री पडल्यापडल्या कितीदा तरी मनात घोळवलं होतं.

केळीचं पान मांडलं गेलं. अम्माने भाताचा ढीग वाढला, त्यात खळगा केला आणि कालवण ओतलं. चारूने बोट बुडवून चाटलं. आंबटाने तिचे डोळे गच्च मिटले, खांदे वर गेले.

शैलाने झटकन तिच्या हनुवटीखाली ओंजळ धरली. "नाय आवडलं? थुक, बाय. थुक हितं."

चारूने मान हलवली. गिळलं. मग चारी बोटांनी भात कालवून मोठा घास घेतला. मग दुसरा. ओघळ कोपरापर्यंत गेला तो तिने चाटून घेतला.

"कैरीवानी लागतं," ती म्हणाली. "आजी, तू पन खा ना."

शैलाची ओंजळ अजून तशीच होती. ती तिने पदराला पुसली आणि पानातला एक घास घेतला. कालवण चांगलं होतं. खरंच चांगलं होतं. करणारीने घाई केली नव्हती. घास तिच्या तोंडातच फिरत राहिला.

"चला, काळजी मिटली," धर्माजी म्हणाला. "मला वाटलं, तिकडं पोर उपाशी ऱ्हाते की काय." मग त्याचं लक्ष शैलाच्या तोंडाकडे गेलं आणि तो आपल्या पानाकडे बघत भात चिवडू लागला.

अम्मा न विचारताच आणखी भात घेऊन आली. चारूने तोही संपवला. हात धुऊन झाले तरी शैला निघाली नाही. तिने अम्माला जवळ बोलावलं.

"अम्मा, तुमच्यात भूक लगी तो क्या बोलते? लहान बच्ची कैसा बोलेगी?"

"पसिक्कुदु," अम्मा म्हणाली.

शैलाला ते पहिल्यांदा जमलं नाही. तिने पुन्हा विचारलं, अम्माच्या ओठांकडे बघत पुन्हा म्हटलं. जीभ वळली तसं तिने चारूला समोर ओढून दोन्ही खांद्यांना धरलं.

"म्हन, पसिक्कुदु."

चारू हसायला लागली.

"हसू नको. तिकडं भूक लागली की असं म्हनायचं. लाजायचं नाय. म्हन."

"पन मला आता भूक नाय, आजी."

"तरी म्हन," शैला म्हणाली.