बेलची परीक्षा

"मला कुणी गंडवून दाखवावं!" आमचा दादा सगळ्या नातेवाइकांना छातीठोकपणे सांगायचा. "बाबांसाठी पाच वृद्धाश्रम पालथे घातले. गाद्या हुंगल्या, संडासात डोकावलो. शेवटी पाचव्यातल्या एका रिकाम्या खोलीतली बेल दाबली आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. अठरा सेकंदांत तीन मावश्या हजर! म्हटलं, बाबांना हीच खोली द्या."

महिन्याभराने दादा भेटायला गेला, तर बाबा ओल्या चादरीवर भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"अहो बाबा, बेल दाबायची ना!"

"दाबली की. सकाळच्या चहाआधी," बाबा म्हणाले. "आता जेवणंही उरकली. येतायत अजून."

दादाने स्वतः बेल दाबली आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. सात मिनिटं झाली, अंगठा दुखायला लागला. एवढ्यात बाहेर धावपळ ऐकू आली.

"बघा, आल्या तिघी!" दादा म्हणाला.


तिघी दारावरून तशाच पुढे धावल्या, आणि शेजारच्या रिकाम्या खोलीतून कुणा अनोळखी बाईंचा खूश आवाज आला, "अगं बाई, फक्त सोळा सेकंद!"